दोघांना मिळून एक हार

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, वन-रूम-किचनमध्ये, एक म्हैस राहत असे. खोलीला ट्यूबलाइट होती, पंखा होता, न्हाणीघरात गुलाबी टाइल्स होत्या. जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांची पाटी होती, तिच्यावर दुसऱ्या मजल्यासमोर आमचं आडनाव होतं आणि तळमजल्यासमोर 'चंद्री', आमच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. पहिल्यांदा घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "खाली चंद्रीबाई कोण राहतात?" आणि मी तोंड उघडायच्या आत चंद्रीच उत्तर द्यायची.

म्हैस मालकीणबाईंची. बिल्डिंगही मालकीणबाईंची. बेलापूरच्या खाडीकाठच्या त्या गावात त्यांची भातशेती होती, ती नव्या शहरासाठी गेली, आणि बदल्यात जो प्लॉट आणि जे पैसे आले त्यातून त्यांनी हे तीन मजले उभे केले. शेत गेलं, बैल गेले, नवऱ्याचं मिठागरावरचं काम गेलं. चंद्रीला मात्र त्यांनी हलू दिलं नाही. मी एकदा फार सभ्यपणे सुचवून पाहिलं की म्हशीला लांबच्या एखाद्या तबेल्यात ठेवलं तर जिन्यात वास येणार नाही.

"ती कुठं जाईल?" मालकीणबाई म्हणाल्या. "तिना कोनी प्लाट दिला नाय."

मी तेव्हा बेचाळिशीची. पुण्याची, मराठी घेऊन एम.ए. झालेली, चष्म्याला साखळी लावणारी. हे न्हावा शेवा बंदरात कंटेनरांच्या कागदपत्रांच्या कामाला. नेरूळला फ्लॅट घेतला होता, पण बिल्डर गणपतीत दिवाळीचा वायदा करायचा आणि दिवाळीत पाडव्याचा, म्हणून आम्ही भाड्याने राहत होतो. तिथे मी महिला मंडळ काढलं. मंडळही मीच काढलं आणि अध्यक्षही मीच झाले, कारण दुसरं कोणी योग्य दिसेना. खाडीच्या या काठाला संस्कृती आणायचं काम आपल्यावर सोपवलेलं आहे, अशी माझी पक्की समजूत होती. कोणी सोपवलंय, हे मी कधी विचारलं नाही.

मालकीणबाई बेल वाजवत नसत. खालून हाक मारत, "ए दुसरा माला! पुनेवाली!" आणि मी गॅलरीत येईपर्यंत त्या माझ्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असत. पातेल्यांवरची झाकणं उचलून बघणं हा त्या आपला मालकीहक्क समजत.

"यो काय?"

"अळूची भाजी. आम्ही फदफदं म्हणतो."

"नाव तरी बरा ठेवाचा. यात जवला टाकला आसता तं मानसाच्या खायचा झाला आसता."

त्या गेल्यावर मी ओटा पुसून घ्यायचे आणि ह्यांना म्हणायचे, "किती अडाणी बाई आहे!" हे पेपरातून तोंड न काढता म्हणायचे, "जवला म्हणजे सुकी कोळंबी ना? वाईट लागणार नाही गं."

चालताना त्या कायम सगळ्यांच्या मागे असत. बाजारात जा, देवळात जा, बाई शेवटी. जन्मभर गुरांच्या मागून चालायची सवय. "मागं कोनी आसला का मना वाटतं, तो मनाच हाकतंय," असं त्यांचं म्हणणं. एकदा मंडळाच्या सहलीला मी शिस्त म्हणून त्यांना रांगेत मध्ये उभं केलं, तर दर चार पावलांनी वळून त्या मागच्या बाईला "तू हो ना पुढं!" म्हणत राहिल्या, आणि शेवटी सगळी रांग माझ्या पुढे गेली.

दुसरी सवय मयतांची. लग्नांना त्या नुसत्या तोंड दाखवून परत येत, बँडने कान दुखतात म्हणून. पण उरणपर्यंत कुठेही, कोणाकडेही माणूस गेल्याचं कानावर आलं की लुगडं बदलून निघालीच बाई. त्या गावांत रिवाजच होता तो. घरात मयत झालं की गावोगावच्या बायका कामं टाकून बसायला येतात, त्या घराला दिवस होईपर्यंत एकटं सोडत नाहीत. मला हे सगळं फार मागासलेलं वाटायचं. आमच्याकडे माणूस गेला की आम्ही दोन मिनिटं भेटून येतो, चहा नको म्हणतो, आणि चपला घालताना 'काही लागलं तर कळवा' असं सांगतो. हेच सुसंस्कृतपणाचं लक्षण, असं मी मंडळात एकदा बोललेही होते.

मालकीणबाईंचा नवरा म्हणजे बिल्डिंगमधला सगळ्यात कमी जागा घेणारा माणूस. काटकुळा, गप्प, मिठागरातल्या उन्हाने रापलेला. त्याला 'तो आजार' झाला. त्या काळी त्या आजाराचं नाव घेत नसत. मी एम.ए. असल्यामुळे डॉक्टरांसारखं 'सी.ए.' म्हणायचे. मोठ्या हॉस्पिटलाने घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा कोणीतरी सिस्टरचं नाव सुचवलं. सिस्टर म्हणजे केरळच्या एक निवृत्त नर्स. पुढच्या सेक्टरातल्या आपल्या बैठ्या घरात त्यांनी चार कॉट टाकून शेवटच्या आजारातली माणसं ठेवून घ्यायला सुरुवात केली होती. मालकीणबाईंना त्यांनी दारातच सांगितलं, "आई, इथे बरा होत नाही. इथे दुखत नाही."

"मंग ठेव त्याना," मालकीणबाई म्हणाल्या.

दिवसरात्र त्या नवऱ्याच्या उशाशी बसत. पण चंद्री दुसऱ्या कोणाला आचळाला हात लावू देत नसे, म्हणून पहाटे धार काढायला घरी येत. अशाच एका पहाटे म्हातारा गेला. मालकीणबाई दुधाची किटली घेऊन परतल्या, तेव्हा सिस्टर दारात उभ्या होत्या.

"त्याच्याजवल कोन होता?"

सिस्टर खोटं बोलल्या नाहीत. "कोणी नाही, आई. मी दुसऱ्या कॉटपाशी होती. मी एकटीच आहे."

मग रिवाजाप्रमाणे बायका आल्या. जासईहून त्यांची धाकटी बहीण आली, तिच्या पाठोपाठ आख्खी आळी आली. जिन्यात, गच्चीवर, चंद्रीच्या खोलीच्या उंबऱ्यावर, सगळीकडे बायका. मालकीणबाई मधोमध बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "आता एवरी बसल्यान. तवा एक पायजे होती."

मी ते वाक्य ऐकलं, आणि त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. सिस्टरकडे रातचा मानूस पायजे. मरताना कोणी एकटं असता कामा नये. रात्रपाळीची नर्स ठेवायची तर पगार हवा. मालकीणबाईंचं आणि चंद्रीचं भाड्यावर चालायचं, त्यात नर्स बसत नव्हती. जाईल त्याच्याजवळ त्या हाच विषय काढत, दूधवाल्याजवळसुद्धा. शेवटी तो माझ्यापर्यंत आला, आणि मी तर वाटच बघत होते. मी नुकतंच इंग्रजी पेपरात वाचलं होतं की मोठ्या शहरांत लोक गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ पदयात्रा काढतात आणि चालणाऱ्यांना बाकीचे देणग्या देतात.

"चालल्यानं पैसं कोन देतंय?" मालकीणबाई म्हणाल्या. "मी जलमभर चाललंय, मना कोनी दिला नाय."

"तुम्ही बघाच," मी म्हटलं. माझं हे 'बघाच' फार महागात पडायचं, पण सहसा दुसऱ्यांना.

मी समिती नेमली. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, टोपीवर निळ्या अक्षरांत 'शेवटपर्यंत सोबत'. घोषणा नाहीत, गाणी नाहीत, संपूर्ण शांतता. पुढे सजवलेला टेम्पो आणि त्यावर दिवंगताची तसबीर. मालकीणबाईंचं म्हणणं होतं की बेंजो लावावा, म्हाताऱ्याला बेंजो आवडायचा. मी हे हाणून पाडलं. मार्ग सिस्टरच्या घरापासून सेक्टरांतून, शेजारच्या गावातून, खाडीवरच्या जुन्या धक्क्यापर्यंत. धक्क्यावर माझं भाषण. भाषणाचे कागद इतके झाले होते की टाचणीत मावेनात, म्हणून मी ते दाभणाने शिवले होते. सुरुवात 'मानवी जीवनाच्या सायंकाळी' अशी होती. खाली अधोरेखित करून 'विराम' असं लिहिलं होतं, म्हणजे तिथे मी थांबणार आणि लोकांचे डोळे भरून येणार.

तसबिरीची अडचण निघाली. म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटो नव्हताच. पनवेलच्या स्टुडिओत काढलेला दोघांचा जोडीने एकच होता. दोघं खुर्च्यांवर ताठ बसलेली, मागे रंगवलेला धबधबा.

"बाबांचा एकट्याचा कधीच काढला नाही?"

"एकटा तो कशाला जाईल फोटोवाल्याकरं? लाजतंय तो."

"मग स्टुडिओवाल्याकडून तुमचा भाग कापून..."

"मना कापू नको," मालकीणबाई म्हणाल्या. विषय संपला.

मी तोच फोटो मोठा करून घेतला आणि फ्रेमला झेंडू-गुलछडीचा असा दांडगा हार घातला की धबधबासुद्धा झाकला गेला. हे बाजूला उभे होते. म्हणाले, "अगं, हारात त्याही आल्या."

"रसिकता म्हणून काही असते," मी म्हटलं.

फोटोला हार घालणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. अध्यक्षांना नव्हतं.

जानेवारीतला रविवार. सकाळी निघालो. सेक्टरांमध्ये आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. गॅलऱ्यांत लोक चहा पीत उभे होते. एका गृहस्थाने वरून विचारलं, "पोलिओचा डोस कुठे देताय?" मी मान ताठ ठेवून चालत राहिले.

मग आम्ही गावात शिरलो, आणि चमत्कारच झाला. पुढे टेम्पो अगदी हळू, त्यावर हार घातलेली तसबीर, मागे पांढऱ्या कपड्यांतली, मान खाली घातलेली गप्प माणसं. कोपऱ्यावर एक बाई बोंबील साफ करत बसली होती. तिच्या हातातली सुरी खाली पडली. "अगो माजे बाय!" असं म्हणून तिने कपाळावर हात मारला. पलीकडच्या किराणावाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. न्हाव्याने अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून हात जोडले, आणि गिऱ्हाईकही साबणासकट उठून उभं राहिलं. घराघरांतून बायका बाहेर आल्या, काही तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, आणि सगळ्या आमच्यात सामील झाल्या. पुरुष पुढे येऊन टेम्पोला हात लावून चालू लागले.

माझे डोळे भरून आले. जनजागृती म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. एवढा प्रतिसाद तर त्या इंग्रजी पेपरातल्या लोकांनाही मिळाला नसेल. एका म्हाताऱ्या काकांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "कुठं नेताव?"

"खाडीवर," मी गंभीरपणे सांगितलं. त्यांचं स्मशान खाडीवरच होतं.

"बरा बरा," काका म्हणाले. "कालपरवा तं दिसली होती. चांगली चालत होती."

माझ्या डोक्यात तरीही काही शिरलं नाही. मला वाटलं, काका पदयात्रेच्या सरावाबद्दल बोलतायत.

या सगळ्यात मालकीणबाई अर्थातच शेवटी होत्या. शेवटी म्हणजे, त्या वाटेत चंद्रीसाठी गवत कापायला थांबल्या होत्या. आमचा टेम्पो गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचला, तेव्हा त्या डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर गवताचा भारा अशा अवतारात पहिल्या कोपऱ्यावर आल्या. पाहतात तर शटरं खाली आणि बायका रडतायत. मयत म्हटल्यावर बाईंचा पाय कसला पुढे पडतो? त्या बोंबीलवालीपाशी वाकल्या.

"कोन गेला गो?"

बोंबीलवालीने वर पाहिलं. तिची किंकाळी मला दुसऱ्या टोकाला ऐकू आली.

"तू!" ती म्हणाली. "तूच गेलीस!"

"मी?" मालकीणबाईंनी भारा खाली ठेवला. "कवा?"

मग जे हसू फुटलं ते कोपऱ्यापासून टेम्पोपर्यंत आगीसारखं पसरत आलं. माझी संपूर्ण शांतता रस्त्यावर लोळायला लागली. मालकीणबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. टेम्पोसमोर उभं राहून त्यांनी त्या फोटोकडे, हाराकडे निरखून पाहिलं. मग माझ्याकडे.

"पुनेवाली, तू मना मारलास?"

मी घाईघाईने हार काढायला गेले. कडेने दुमडून निदान अर्धा तरी करावा, म्हणजे तो बाबांपुरताच राहील. त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," त्या हळू म्हणाल्या. "एकट्याला घातला तं तो लाजल."

धक्क्यावर पोचलो तेव्हा पदयात्रेची जत्रा झाली होती. गावातल्या बायकांनी चहा टाकला होता, कोणीतरी बेंजोवाल्याला उठवून आणलं होतं. मी शिवलेलं भाषण काढलं, चष्मा लावला आणि "मानवी जीवनाच्या..." एवढं म्हटलं, तेवढ्यात रस्त्यावरून रडण्याचा कल्लोळ आला.

गावातला कोणीतरी पीसीओवरून जासईला फोन करून मोकळा झाला होता. एक ट्रक येऊन थांबला. मागच्या फळीतून बायका उतरल्या, त्यांच्या हातांत गाठोडी होती. सगळ्यांत पुढे धाकटी बहीण. तिने दिसेल त्या पहिल्या पांढऱ्या साडीला मिठी मारली, ती मी. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती हंबरत होती, "माजी आका गेली गो!" आणि तिच्या डोक्यावरून मला आका दिसत होती, बशीतून चहा पिताना.

"धाकटे," आका म्हणाली, "रडून झाला का चा घे."

धाकटीने मला सोडलं. सरळ गेली आणि बहिणीच्या पाठीत दोन धपाटे घातले. "मेली नायस तं सांगाचा ना! आमी चुली इझवून आलाव! पोरींना पावन्यांकरं टाकून आलाव! बसायला म्हनून आलाव, आता काय परत जाव?"

सगळे हसत होते. मालकीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी बशी खाली ठेवली. ट्रककडे पाहिलं, गाठोड्यांकडे पाहिलं, एकेका बाईकडे पाहिलं. मी इतके दिवस त्यांच्या घरात राहत होते, पण ती नजर मी फक्त चंद्री व्यायच्या वेळी पाहिली होती.

"बसायला आलाव ना?" त्या म्हणाल्या. "मंग बसा. मी मेल्यावं बसनार, ता आधीच बसा. उठा! चला!"

आणि गवताची एक काडी हातात घेऊन, स्वतः सगळ्यांच्या मागे राहून, त्यांनी ती आख्खी ट्रकभर माणसं सिस्टरच्या घरापर्यंत हाकत नेली. सिस्टरनी दार उघडलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"आई, हे काय?"

"रातचा मानूस पायजे होता ना तुना? घे."

त्या संध्याकाळपासून ते सुरू झालं. गावागावांनी वार वाटून घेतले. औषधाला हात लावायचा नाही, नुसतं कॉटपाशी बसायचं, काही वाटलं तर सिस्टरला उठवायचं. सिस्टरनी नियम केले: रडायचं नाही, ओरडायचं नाही, बोंबील आणायचे नाहीत. शेवटचा नियम दुसऱ्याच आठवड्यात मोडला, आणि मोडणाऱ्यांत सिस्टरही होत्या. माझ्या पदयात्रेचं म्हणाल, तर टोप्या, फलक आणि टेम्पो वजा जाता तिच्यातून नर्स काही आली नाही. एक आरामखुर्ची आली. तिच्यावर कोणी बसत नसे, सगळ्या खाली फरशीवर बसत. खुर्चीवर गाठोडी ठेवत.

मंडळाच्या वतीने मीही वार घेतला. पहिल्या पाळीला मी एक उन्नत विचारांचं पुस्तक घेऊन गेले आणि एका आजोबांना वाचून दाखवायला लागले. दुसऱ्या पानावर आजोबा म्हणाले, "ताई, नुसतं बसता येत नाही का तुम्हाला?" येत नव्हतं. शिकायला बराच वेळ गेला.

पुढे आम्हाला फ्लॅटचा ताबा मिळाला, आम्ही नेरूळला गेलो, तरी माझा वार चालू राहिला. आणि नव्वदचं दशक संपता संपता मालकीणबाई स्वतः त्या घरात आल्या, नवऱ्याच्याच कॉटवर. चंद्री आदल्या वर्षी गेली होती. पाटीवरचं नाव त्यांनी पुसू दिलं नव्हतं, आणि ती खोली भाड्यानेही दिली नव्हती. मला त्यांनी संध्याकाळची पाळी दिली. दिली म्हणजे, सिस्टरला सांगून ठरवून घेतली.

पहिल्या संध्याकाळी मी जाऊन बसले. नुसती. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"पुनेवाली, गप का? तुजा ता भाषन राहिला."

"कुठलं भाषण?"

"शिवलेला."

दुसऱ्या दिवशी मी ते माळ्यावरून काढून नेलं. 'मानवी जीवनाच्या सायंकाळी' म्हणून सुरुवात केली. पहिला विराम यायच्या आत मालकीणबाई घोरायला लागल्या. कित्येक दिवसांनी गोळीशिवाय झोप लागली, असं सिस्टर म्हणाल्या. एवढं यश मला कुठल्याच व्यासपीठावर मिळालं नाही.

मग रोजचंच झालं. त्या विचारायच्या, "कुठवर आलाव?" मी पान काढायचे. एके दिवशी त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. ते पातळ होत चालले होते.

"थोरा थोरा वाच," त्या म्हणाल्या. "संपवू नको."

मी घरी आले आणि लिहायला बसले. हे म्हणाले, "आता कुठे भाषण आहे तुझं?" मी नवा कागद पुढे ओढला. आयुष्यभर लोक मला आवरतं घे म्हणत आले, आणि आता पहिल्यांदाच मला ते लांबवायचं होतं. मी त्यात खाडी घातली, मिठागर घातलं, चंद्रीवर तर एक स्वतंत्र परिच्छेद घातला. तो त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि एक चूक काढली: चंद्रीचं डावं शिंग वाकडं होतं, मी उजवं लिहिलं होतं.

त्या गेल्या तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॉटला टेकून, दारात, व्हरांड्यात बायका होत्या, आणि सिस्टर "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या" म्हणत होत्या. धाकटीने हात धरला होता. मी सगळ्यांच्या मागे उभी होते.

बाराव्याला पनवेलचा तोच फोटो मांडला. झेंडूचा हार घेऊन धाकटी पुढे झाली आणि थबकली. "हिना तं आधीच घातलेला हाय," ती म्हणाली, आणि रडता रडता सगळ्या हसल्या.

भाषणातलं एक पान अजून माझ्याकडे आहे, दाभणाच्या भोकांसकट. तेवढं वाचायचं राहिलं. वर मी टपोऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'आभारप्रदर्शन'.